नाव जपानी, माल चिनी, जबाबदारी कोणाची?

(पाटोदा, जि. बीड येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोटारसायकलच्या टाकीवर, किंवा आता विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर, कोणते नाव रंगवलेले असते हा बाजाराचा विषय आहे. त्याचा राजकारणाशी आणि समाजवादाशी काय संबंध, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, सामान्य माणूस आयुष्यात फार थोड्या वेळा मोठी रक्कम एकदम खर्च करतो, आणि ती कोणाच्या शब्दावर विसंबून खर्च करतो हा प्रश्न समाजवादाचाच आहे. श्रीमंताला वस्तू फसवी निघाली तर तो दुसरी घेतो. गरिबाला ती फसवी निघाली तर तो हप्ते भरत राहतो.

आपला पाटोदा तालुका बालाघाटच्या माथ्यावरचा. मांजरा नदी येथे उगम पावते, पण तिचे पाणी खालच्या मुलखाला मिळते. येथील माणसे मात्र दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही. बीडला जायचे तर मांजरसुंब्याचा रस्ता, नगरकडे जायचे तर सौताड्याचा घाट आणि जामखेड. अशा मुलखात दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा वाडीवस्तीवरचा आजारी माणूस दवाखान्यात पोचला तो कोणाच्या तरी दुचाकीवरूनच. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून मुलीचे लग्न निघते, घरावर पत्रे पडतात, आणि त्याच उचलीतून पुष्कळदा गाडीही येते. म्हणजे पुढच्या हंगामाची मजुरी आधीच गहाण टाकून ती घेतलेली असते. ती घेताना गिऱ्हाइकाच्या हाती माहिती कोणती असते? किंमत, रंग आणि नाव. आपल्या मुलखात जपानी वाटणाऱ्या नावाला जो मान आहे, तो कोठून आला हे आधी पाहिले पाहिजे.

तो मान खोटा नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी कंपन्या भारतीय कंपन्यांच्या हातात हात घालून या देशात आल्या. हीरो होंडा, इंड-सुझुकी, कावासाकी बजाज, कायनेटिक होंडा ही त्या काळातील जोडनावे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. ही नावे जोडलेली का होती, याचा आज विसर पडला आहे. परदेशी सहकार्याला परवानगी देताना केवळ परदेशी नाव देशी बाजारात मिरवू द्यायचे नाही, असे तेव्हा सरकारचे धोरण होते. १९९० मध्ये पेप्सी आली तीही त्यामुळेच ‘लेहर पेप्सी’ म्हणून आली. १९९१ नंतरच्या उदारीकरणात हे बंधन गेले. त्या धोरणात दोष पुष्कळ होते, परवान्यांची साठेबाजी होती, गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. परंतु त्या जोडनावांत एक सरळपणा होता. यंत्रविद्या कोणाची आणि कारखाना कोणाचा, हे दोन्ही टाकीवर लिहिलेले असे. गाडी बिघडली तर कोणाचे दार ठोठवायचे, हे शेतकऱ्याला ठाऊक असे.

त्या गाड्यांनी आपला शब्दही पाळला. थोड्या पेट्रोलवर चालणारे इंजिन, गावोगाव मिळणारे सुटे भाग आणि गावच्या मिस्त्रीला उमगणारी रचना या तीन गोष्टींनी ‘जपानी’ या शब्दाला आपल्याकडे विश्वासाचा अर्थ आला. तो अर्थ जाहिरातीने दिलेला नाही. लाखो लोकांनी खडीच्या रस्त्यांवर, तीन-तीन माणसे आणि खताची गोणी लादून, तो तपासून घेतला आहे.

खुद्द जपानलाही हे नाव फुकट मिळाले नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि नंतरही काही वर्षे ‘जपानी माल’ म्हणजे स्वस्त आणि तकलादू माल, अशीच जगभर समजूत होती. १९५० मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी जपानी अभियंत्यांना गुणवत्ता-नियंत्रणाचे धडे दिले. १९५७ मध्ये जपानी सरकारने निर्यात-तपासणीचा कायदा केला आणि ठरावीक वस्तू तपासणीत उतरल्याशिवाय देशाबाहेर पाठवायला मनाई केली. कामगाराचे कसब, अभियंत्याची शिस्त आणि सरकारी तपासनिसाचा शिक्का यांतून ते नाव उभे राहिले.

याहून जुने उदाहरण जर्मनीचे. १८८७ मध्ये इंग्लंडने व्यापारी चिन्हांचा कायदा केला. इंग्रजी नावे मिरवणारा परदेशी, विशेषतः जर्मन, माल उघडा पाडावा हा त्याचा हेतू होता, आणि त्यामुळे मालावर मूळ देशाचे नाव उमटू लागले. जे नाव लाजवण्यासाठी छापायला लावले, तेच पुढे ‘जर्मन बनावट’ म्हणून मानाचे झाले. खरे नाव लिहावे लागले की ते नाव राखण्याची काळजी घ्यावी लागते, हा यातला बोध आहे. उसने नाव घेणाऱ्याला ही काळजी कधीच नसते.

आता चीनकडे वळू. चोंगछिंग हे तेथील मोटारसायकलींचे माहेरघर. १९९० च्या दशकात तेथे जपानी इंजिनांच्या हुबेहूब नकला करणारे कारखाने उभे राहिले. त्यांतील लिफान ही कंपनी आपल्या गाड्यांवर ‘होंगडा’ असे नाव लिहीत असे. होंडा कंपनी न्यायालयात गेली आणि २००४ च्या अखेरीस बीजिंगच्या न्यायालयाने लिफानला सुमारे १५ लाख युआन भरपाई देण्यास फर्मावले. परंतु हीच होंडा २००१ मध्ये सुंदिरो या, आपल्याच गाड्यांच्या नकला करणाऱ्या, चिनी कंपनीशी भागीदारी करून बसली होती. भांडवलाला नकलेचा राग असतो तो नफा दुसऱ्याकडे जातो तोपर्यंतच!

मात्र या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि समाजवाद्याने ती दडवता कामा नये. २००० च्या सुमारास व्हिएतनाममध्ये स्वस्त चिनी मोटारसायकलींचा पूर आला. ज्या कुटुंबांना जपानी गाडी स्वप्नातही परवडली नसती, त्यांच्या दारी वाहन आले. बाजार हातचा जातो असे दिसताच होंडाने २००२ मध्ये ‘वेव्ह अल्फा’ ही गाडी आपल्या जुन्या गाडीच्या निम्म्याहून कमी किमतीत काढली, आणि तिच्यासाठी चिनी सुटे भागही वापरले. म्हणजे इतकी वर्षे जी किंमत ‘दर्जा’च्या नावाने घेतली जात होती, तिच्यातील मोठा भाग निव्वळ मक्तेदारीचा होता. तेव्हा वस्तू चिनी आहे म्हणून वाईट, आणि स्वस्त आहे म्हणून टाकाऊ, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीला आपण बसू नये. स्वस्त वाहन हा गरिबाचा हक्क आहे. आपला आक्षेप आहे तो नावाच्या आड लपण्याला.

हे लपणे आज आपल्याकडे विजेच्या दुचाकींच्या रूपाने आले आहे. केंद्र सरकारच्या ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ रोजी सुरू झाला; त्यासाठी १०,००० कोटी रुपये ठेवले होते. जून २०२१ मध्ये दुचाकीसाठीचे अनुदान बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे १०,००० रुपयांवरून १५,००० रुपयांवर नेले आणि वाहनाच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत ते मिळू लागले. अट अशी होती की, ठरवून दिलेले भाग टप्प्याटप्प्याने भारतातच बनवले पाहिजेत. हेतू चांगला होता: धूर कमी व्हावा, तेलाची आयात कमी व्हावी आणि आपल्या तरुणांना काम मिळावे.

प्रत्यक्षात काय घडले? २०२३ मध्ये अवजड उद्योग मंत्रालयाने सात कंपन्यांकडून सुमारे ४६९ कोटी रुपये परत मागितले, कारण या अटींचे पालन झालेले नाही असा निष्कर्ष निघाला होता. काहींनी पैसे परत केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये गंभीर गैरव्यवहार तपास कार्यालयाने त्यांपैकी हीरो इलेक्ट्रिक, बेनलिंग आणि ओकिनावा या तीन कंपन्यांच्या जागांची झडती घेतल्याचे सरकारने जाहीर केले. एकूण २९७ कोटींचे अनुदान लबाडीने घेतले गेले, आणि देशात बनवायचे बहुतेक भाग प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे चीनमधून आणले गेले, असे या निवेदनात म्हटले होते. हा तपासयंत्रणेचा आरोप आहे, न्यायालयाचा निकाल नव्हे, हे मी स्पष्ट सांगतो. आरोप सिद्ध होवोत वा न होवोत, नावांचा प्रश्न उरतोच.

ओकिनावा हे जपानच्या दक्षिणेकडील बेटाचे नाव आहे. त्या नावाची कंपनी २०१५ मध्ये भारतीयांनी भारतात काढली. तिचे मुख्य कार्यालय गुरुग्रामला. जपानी नाव घेणे हा गुन्हा नाही. पण नाव जपानी बेटाचे, मालकी भारतीय, अनुदान भारतीय करदात्याचे, आणि तपासयंत्रणेच्या म्हणण्याप्रमाणे आतील बहुतेक भाग चिनी, अशी ही साखळी असेल, तर पाटोद्याच्या शेतकऱ्याने त्या नावावरून काय समजावे? हीरो इलेक्ट्रिकचे उदाहरण तर याहून बोलके. ही कंपनी आणि मोटारसायकली बनवणारी हीरो मोटोकॉर्प या दोन वेगळ्या कंपन्या. एकाच मुंजाल घराण्याच्या दोन शाखांच्या. ‘हीरो’ या नावावरून त्यांच्यात वादही झाला. डिसेंबर २०२४ मध्ये हीरो इलेक्ट्रिक दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दिवाळे कंपनीचे निघते, पण ज्याने तिची स्कूटर घेतली त्याची बॅटरी आणि कंट्रोलर कोठून येणार? ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी म्हण आपल्या बायाबापड्यांनी उगाच केलेली नाही.

ही झाली मोठ्या कंपन्यांची गोष्ट. याच्या खाली आणखी एक थर आहे आणि तालुक्याच्या गावांशी त्याचाच संबंध अधिक येतो. ज्या विजेच्या दुचाकीच्या मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, तिला कायदा मोटार वाहन मानीत नाही. तिला नंबर नाही, परवाना नाही, विम्याची सक्ती नाही. शाळेत जाणाऱ्या मुलीला, म्हाताऱ्या माणसाला ही सवलत उपयोगाची आहे, आणि ती राहावी. परंतु नोंदच नसल्यामुळे कोणता सांगाडा कोठून आला, कोणी जोडला, कोणाला विकला याचा मागमूसही राहत नाही. चिनी सुट्या भागांची पेटी आणावी, शेडमध्ये जोडावी आणि वर एखादे जपानी ध्वनीचे नाव चिकटवावे, इतका हा धंदा सोपा होऊन बसतो. अशा गाड्यांत फेरफार करून वेग वाढवण्याचे प्रकार इतके झाले की मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांना त्याविरुद्ध खास मोहीम काढावी लागली.

त्याच वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासह देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरी पेटल्या, माणसेही दगावली. एप्रिलमध्ये ओकिनावाने ३,२१५ स्कूटरी तपासणीसाठी परत बोलावल्या. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ पासून लागू होऊ लागले. ते योग्यच झाले. पण गाडी परत बोलवायची तर ती कोणाकडे आहे हे माहीत असावे लागते. जिची नोंदच नाही ती कोण परत बोलावणार?

येथे कोणी म्हणेल, उपाय सोपा आहे, चिनी मालावर बहिष्कार टाका. टाळ्यांना हे वाक्य चांगले आहे, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा पुणे जिल्ह्यात स्कूटर बनवणाऱ्या बजाज ऑटोलाही उत्पादन अडण्याची भीती जाहीरपणे बोलून दाखवावी लागली. म्हणजे ज्यांचे नावगाव सर्वांना ठाऊक आहे, त्यांच्याही मोटरीत चिनी चुंबक आहे. केवळ नावाने स्वदेशी सिद्ध होत नाही. १९७७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना कोका-कोला देशाबाहेर गेली आणि सरकारी कंपनीने ‘डबल सेव्हन’ नावाचे पेय काढले. नाव आपले होते, पण ते बाजारात टिकले नाही. स्वदेशीला संशोधन लागते, कारखाना लागतो, विक्री-दुरुस्तीचे जाळे लागते.

आणि चिनी कामगाराशी आपले भांडण काय? चीनच्या कारखान्यांत राबणारे लाखो मजूर खेड्यांतून आलेले आहेत. तेथील ‘हुकोऊ’ या निवासनोंदणीमुळे शहरात वर्षानुवर्षे काम करूनही मुलांच्या शिक्षणाचे, दवाखान्याचे पूर्ण हक्क त्यांना मिळत नाहीत. स्वतंत्र कामगार संघटना काढण्याची त्यांना मुभा नाही. सरकारमान्य महासंघ एकच. फडावर कोपी घालून राहणाऱ्या आणि जिची मुले अर्ध्या वर्षात शाळा सोडतात अशा आपल्या ऊसतोड जोडप्याला हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. उसने नाव चिकटवणारा व्यापारी दोघांनाही लपवतो: बनवणाऱ्या मजुराला लपवतो आणि घेणाऱ्या मजुराला फसवतो.

मग आपण काय मागायचे? डॉ. लोहियांनी ‘दाम बांधो’ची मागणी केली होती. कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूची विक्रीची किंमत तिच्या उत्पादनखर्चाशी बांधलेली असावी, असा तिचा आशय. आज त्या मागणीला जोडून मी म्हणतो, नावही बांधा. नाव वस्तूच्या खऱ्या कर्त्याशी बांधलेले असले पाहिजे.

यासाठी नवा कायदा करायची वाट पाहण्याची गरज नाही. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम १३९ ने केंद्र सरकारला असा अधिकार दिला आहे की, अधिसूचना काढून एखाद्या वर्गाच्या मालावर तो कोठे बनला हे लिहिणे सक्तीचे करता येते. आयात केलेल्या पाकीटबंद मालावर मूळ देश छापावाच लागतो. मग लाख रुपयांच्या वाहनावर तो गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी का नसावा? आपली पहिली मागणी ही की, प्रत्येक विजेच्या दुचाकीवर बनवणाऱ्याचे वा जोडणाऱ्याचे नाव आणि मोटर, बॅटरी, कंट्रोलर यांचा मूळ देश मराठीत लिहिलेला पत्रा असावा.

दुसरी मागणी अनुदानाची. ऑक्टोबर २०२४ पासून ‘पीएम ई-ड्राइव्ह’ या नव्या योजनेतून कंपन्यांना अनुदान दिले गेले. यापुढे अशा पैशाचा काही भाग राखून ठेवावा, आणि कंपनीने ठरावीक वर्षे सुटे भाग व दुरुस्ती पुरवल्यावरच तो द्यावा. कंपनी बुडाली तर त्या राखीव रकमेतून गिऱ्हाइकाची बॅटरी बदलून मिळावी. तिसरी मागणी अशी की, हळू चालणाऱ्या गाड्यांना नंबर नको असेल तर नको, पण विक्रेत्याने सांगाड्याच्या क्रमांकासह विक्रीची नोंद ठेवावी आणि ती परिवहन कार्यालयाला द्यावी. चौथी मागणी गावच्या मिस्त्रीसाठी आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून संकेतस्थळ काढले, पण त्यावर माहिती देणे कंपनीच्या मर्जीवर आहे. ही माहिती सक्तीची करा आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आपल्या मुलांना ती शिकवा. लोहियांना जे छोटे यंत्र अभिप्रेत होते, ते माणसाच्या ताब्यात राहणारे यंत्र होते. जे यंत्र तालुक्यात उघडता येत नाही ते कितीही लहान असले तरी माणसाच्या ताब्यातले नव्हे.

सरकारकडे मागणी करून घरी बसणे हे आपले काम नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दोन तरतुदी अशा आहेत की ज्या प्रत्येक कार्यकर्त्याला मुखोद्गत असाव्यात. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो स्वतःचे चिन्ह लावतो, तो कायद्याच्या दृष्टीने त्या वस्तूचा निर्माताच ठरतो. आणि निर्माता कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी विक्रेत्यावर येते. तक्रार आता गिऱ्हाइकाला स्वतःच्या जिल्ह्यात, म्हणजे बीडच्या ग्राहक आयोगापुढे करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

म्हणून माझे सांगणे असे. आपल्या प्रत्येक शाखेने गावातील विजेच्या दुचाकींची एक वही करावी: गाडीवरचे नाव, पावतीवरचे नाव, सांगाड्याचा क्रमांक, विक्रेता, किंमत आणि बिघाड. टाकीवरचे नाव आणि पावतीवरचे नाव यांत किती अंतर आहे, हे त्या वहीतूनच दिसेल. पक्की पावती घेतल्याशिवाय कोणी पैसे मोजू नयेत, हे फडावर जाण्याआधी टोळीटोळीत सांगावे. ज्यांच्या गाड्या बंद पडून आहेत त्यांना एकत्र करून तक्रारी दाखल कराव्यात. एकट्याची तक्रार विक्रेता मोडून काढतो, पन्नासांची काढू शकत नाही.

हंगाम संपून माणसे गावी परततील तेव्हा पहिल्या वह्या तयार असल्या पाहिजेत. त्या घेऊन आपण बीडला जाऊ.